घंटागाडीतला आवाज

३ फेब्रुवारी, सोमवार
गौरीशंकरचा फोन. ऑर्केस्ट्रा त्याचा, पण हल्ली डीजेच जास्त भाड्यानं देतो. रविवारी उमरग्यात रिसेप्शन आहे. "मामा, जुनी दोन गाणी तुमची. कोट घालून या." दोन वर्षांनी स्टेज! कोट काढून बघितला. बटण लागत नाही — उघडाच ठेवणार, रुबाब दिसतो. गाणं कोणतं, ते ठरलेलंच. 'चांदणं पडलंय, अंगणात ये'. शहाण्णव सालची माझी कॅसेट. त्या वर्षी लोहाऱ्यात एक पानटपरी अशी नव्हती जिथं मी वाजत नव्हतो.

घसा महिनाभर बसलाय. बायको श्रीदेवी म्हणते, डॉक्टरला दाखवा. रविवारनंतर बघू.

९ फेब्रुवारी, रविवार
अब्रू गेली.

लिहूनच टाकतो. निवेदकानं नाव पुकारलं — "लोहाऱ्याचे सुरांचे बादशहा, सिद्धाराम!" पहिलीच ओळ घेतली, तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी ताडकन उठली. "आगं, गाडी आली! बादली कुठाय?" नवरीकडचे सगळे लोहाऱ्याचेच. तिच्या मागं आणखी चार बायका उभ्या राहिल्या. मग अख्खा हॉल हसला, नवरीसुद्धा. दुसरं गाणं गौरीशंकरनं दिलंच नाही.

चूक माझीच. चार वर्षांपूर्वी नगरपंचायतीनं घंटागाडीसाठी गाणं मागितलं आणि मी एका शालीवर भाळलो. नवी चाल बांधायचा कंटाळा केला, 'चांदणं'चीच लावून दिली — 'गाडी आलीय, अंगणात ये, ओला-सुका वेगळा दे'. तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी गावाकडं कचरा मागतो.

१० फेब्रुवारी
अर्ज दिला. 'सदर गाणे त्वरित बंद करावे.' नगरपंचायतीतल्या टेबलावरची अर्पिता म्हणाली, "तुमीच व्हय ते? आमचं बाळ तुमच्या गाण्याबिगर जेवत न्हाय." शिक्का मारला आणि माझ्यासोबत सेल्फी काढला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सोलापूरला जाऊन आलो. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावीच लागणार. आवाज राहील का, विचारलं. "बोलता येईल. गाण्याचं सांगता येत नाही. काय गाता तुम्ही?" मी 'भावगीतं' म्हणेपर्यंत श्रीदेवी बोलून मोकळी झाली, "कचऱ्याच्या गाडीवर हेच हायेत."

नळदुर्गपर्यंत एसटीत तिच्याशी बोललो नाही. पुढं राग गेला आणि भीती वाटायला लागली. तेव्हा बोललो.

१८ फेब्रुवारी
अर्ज मंजूर. एक मार्चपासून नवं गाणं. जिंकलो म्हणायचं. जेवण गेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
उद्या ऑपरेशन. श्रीदेवी भाकरी थापता थापता म्हणाली, "येकदा म्हणा की." तीस वर्षांच्या संसारातली तिची पहिली फर्माईश! 'चांदणं' म्हटलं. अंतऱ्याला आवाज फाटला. तिनं वर बघितलं नाही. तव्यावरची भाकरी करपली, तीच मी खाल्ली.

२७ फेब्रुवारी
आठ मार्चपर्यंत बोलायचं नाही. पाटी-पेन्सिल मिळालीय. श्रीदेवी मजेत आहे, तिची वाक्यं आता पुरी होतात. मी भांडायला पाटीवर लिहिलं की म्हणते, चष्मा सापडंना.

१ मार्च, शनिवार
नवं गाणं आलं. कुठल्याशा मुलीचं, नुसता ढणढणाट. गल्लीतली एकही बाई बाहेर आली नाही. गाडीचा ड्रायव्हर महांतेश दारात थांबला. "मामा, कुणाला कळंनाच गाडी आल्याली. बायका म्हणत्यात, वरात हाय."

पाटीवर लिहिलं — 'जुनं लाव.'

"आवं, तुमचाच अर्ज हाय की."

पुसलं. पुन्हा तेच लिहिलं.

३ मार्च
अर्ज मागं घेण्याचा अर्ज दिला. अर्पितानं कारण विचारलं नाही. या वेळी सेल्फीही मागितला नाही.

८ मार्च
डॉक्टर म्हणाले, बोला. बोललो. गाण्याचं विचारलं, तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

१० मार्च, सोमवार
सात वाजता गाडी आली. भोंग्यातून मी गात होतो — खणखणीत, कुठंही न फाटता. श्रीदेवीच्या आधी बादली घेऊन दारात गेलो.

बादलीत काहीच नव्हतं.