डाव्या हातातली बाटली

मंगळवार, २१ मार्च २००६
अंबरनाथ

आज विहारात सरावाला गायकवाड काकांनी माझ्या डाव्या हातात पाण्याची बाटली दिली. "उजवा करतो तेच डावा करतोय. त्याला आधी गप्प बसव." काका फॅक्टरीच्या बँडमध्ये बँडमास्टर होते, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या समूहगानासाठी मला समोर उभं राहून गाणं चालवायचे हातवारे शिकवतायत. ठोका हवेत द्यायचा, आवाज न करता. आणि मी? समेवर सवयीने टाळी! बाटली धाडकन खाली, बायका हसून हसून बेजार.

पण खरी अडचण ढोलकीची आहे. आमच्या अठरा जणी ढोलकीचा तुकडा ऐकल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. आणि ढोलकी वाजवतो माझा नवरा. म्हणजे इतकी वर्षं गाणं प्रकाशच सुरू करतोय, मी नुसती समोर उभी. हे आजच कसं लक्षात आलं?

म्हटलं, "पहिल्या दोन ओळी ढोलकी बंद."

प्रकाश म्हणाला, "अगं, सुरूच होणार नाहीत त्या. बघ तू."

बघितलं. डाव्या हातात बाटली घट्ट धरली, उजवा वर नेला आणि श्वास घेतला. अठरा जणींनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. हात खाली आला तेव्हा सगळ्या एकदम सुटल्या. नशिबाने? छे, तीनदा जमलं.

घरी आल्यावर प्रकाशने ढोलकी खुंटीला टांगली. जेवताना हळूच विचारतो, "मग मी कधी वाजवायचं?"

"तिसऱ्या ओळीला. मी डावा हात दाखवला की."