सहदेव वैती यास इंजिनकामाच्या वर्गात घेण्याबाबत

मढ, दि. ३ डिसेंबर १९५७

प्रति,
मा. अधीक्षक,
वादळग्रस्त तरुणांचा यंत्रकाम वर्ग, अंधेरी.

विषय: चि. सहदेव गुणाजी वैती यास बोटीच्या इंजिनदुरुस्तीचे काम शिकण्यासाठी प्रवेश मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या कचेरीतून मिळालेला तोंडी नकार.

महोदय,

१. अर्जदार रत्नप्रभा वैती ही मढची कोळीण असून मासळी विकून पोट भरते. गेल्या वर्षीच्या वादळात तिचा नवरा गुणाजी होडीसह समुद्रात बेपत्ता झाला. होडीची फळी किनाऱ्याला लागली. माणूस लागला नाही.

२. वादळात घरचा कर्ता गमावलेल्या मुलांसाठी आपण वर्ग उघडल्याचे कळल्यावरून अर्जदार मुलासह हजर झाली. आपल्या कारकुनांनी तिच्या कपाळाकडे पाहून विचारले, "बाई, कुंकू लावता आणि नवरा गेला म्हणता?" बेपत्ता माणसाच्या मुलास जागा नाही, नवरा मेल्याचे लिहून द्या, मग पाहू, असे त्यांनी सांगितले. अर्जदाराने लिहून दिले नाही.

३. घरी मुलाने फार त्रागा केला. "एक ओळ लिहायची ना गं आये! कागदावर लिहिलं म्हणून बाबा मरतो काय?" अर्जदार म्हणाली, "माझ्या तोंडून ते निघायचं नाही." त्यावर मुलगा अर्जदारास न विचारता दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला.

४. परवा दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या आल्या, सहदेवची आली नाही. अर्जदार अंधार पडेपर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभी होती. लोकांनी ओढले तरी निघाली नाही. वर्षभर ती त्या पाण्याकडे पाहून गुणाजीला हाका मारीत आली होती. त्या दिवशी तिने फक्त मुलाला हाका मारल्या, हे तिच्या मागाहून ध्यानात आले. अखेर होडी लागली. शीड फाटले होते, मुलाचे तळहात दोराने सोलवटले होते. "हात बरे झाले की परत जाणार," एवढेच तो बोलला.

५. इंजिनदुरुस्तीचे काम जमिनीवर बसून होते. सबब अर्जदार लिहून देते की, तिचा नवरा गुणाजी वैती मेला. मुलास वर्गात घ्यावे. गुणाजी उद्या परत आला, तर खोटे लिहून दिल्याबद्दल होईल ती शिक्षा अर्जदार हसत भोगील.

आपल्या हुकमाची वाट पाहणारी,
रत्नप्रभा गुणाजी वैती
(डाव्या हाताचा अंगठा)

अर्जदाराच्या सांगण्याप्रमाणे लिहिले: मृणालिनी प्रधान, शिक्षिका, मढ.