फ्रीझर रिकामा होईपर्यंत

रत्नागिरी,
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. सौ. मनिषास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज, बुधवार दिनांक १५ जानेवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तुझ्या मागीलदारच्या केळीच्या बुंध्याशी मी माझ्या हातच्या शेवया पाहिल्या. नारळाच्या रसातल्या, सोमवारी केलेल्या. शेजारी कोंबडीचा रस्सा आणि थोडा भात. कावळे जेवत होते. वेळ घड्याळात पाहून लिहिली आहे. टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं काढली, वेळ टिपायची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही.

मी तिथे कशी, असं तुला वाटेल. आमच्या शेजारची नम्रता तुमच्या देवरूखच्या कॉलेजात शिकवायला येते आणि डब्यांची पिशवी तिच्याबरोबर येते, हे तू जाणतेसच. आज ती रजेवर होती, म्हणून मीच एसटीने निघाले. तू ऑफिसात होतीस. तुझे सासरे पडवीत झोपले होते, मुलं शेजारी खेळायला गेलेली. आप्पांना उठवायला नको म्हणून मी मागून शिरायला गेले, तर हे दर्शन. पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता पावणेपाचच्या गाडीने परत आले. मुलं आली असती तर त्यांच्यासमोर बोलले असते, आणि ते बरं झालं नसतं.

माझ्या भाचीला, ऋतिकाला, दवाखान्यात नेलं त्याला तीन महिने होतील. तिच्या दोन पोरांना सांभाळतेस, वर तुझी नोकरी, हे मी कधीच विसरले नाही. तुला एकच काम हलकं करता यावं म्हणून हे डबे. सकाळी फ्रीझरमधून काढायचे, दुपारी आप्पांनी गरम करून वाढायचे. दिशाला रस्सा तिखट लागतो म्हणून तिचा वेगळा, सर्वेशला उसळीत कांदा दिसलेला चालत नाही म्हणून तो वाटून. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, काय आहे आणि किती वेळ गरम करायचं. नको असेल तर नको म्हणून कळवायचं होतंस. मी रागावले असते, पण कळलं असतं. तोंडावर आत्या तुमचे डबे म्हणजे आधार आणि पाठीमागे केळीला खत, हे मला शाळेत नन्सनी शिकवलं नाही आणि आईबापांनीही नाही.

फोन करत नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू रेंज गेली म्हणतेस. रिकाम्या डब्यांबरोबर शुक्रवारी उत्तर पाठव.

आशीर्वाद वर लिहिलेत तेवढेच. खाली पुन्हा लिहीत नाही.

राजश्री नागवेकर


देवरूख,
शुक्रवार, १७ जानेवारी

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आप्पांनी मोठ्याने वाच म्हणून सांगितलं. मी निम्मंच वाचलं आणि बाकीचं सगळ्यांना नमस्कार आहे म्हटलं. त्यांनी तुम्हाला उलट आशीर्वाद सांगितलेत.

आत्या, मी बापजन्मात अन्न टाकलेलं नाही. तुमचे डबे टाकायला मी वेडी आहे का? तुमची कुळथाची पिठी उरली तर मी ताटली चाटून पुसते. पत्र वाचलं तेव्हा खरं सांगते, इतकी रागावले की पिशवी तशीच परत करणार होते. मग म्हटलं, आधी बघू तरी.

काल अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोनला घरी आले. आप्पा जेवून आडवे झाले होते. दिशा मागीलदारी उभी होती, हातात डबा, आणि चमच्याने खरवडून खरवडून सगळं केळीत टाकत होती. मला पाहिल्यावर पळाली नाही की रडली नाही. डबा धुऊन पालथा घातला आणि मला विचारलं की फ्रीझर अजून रिकामा का होत नाही.

आता तुम्हाला सांगायलाच हवं. बसून वाचा.

ऋतिका मुंबईला गेल्यावर पहिले आठ दिवस ही पोरं जेवली नाहीत. सर्वेश बिस्किटांवर, दिशा नुसत्या चहावर. तुमचे डबे आले तेही दोघांनी दूर सारले. मग एका दुपारी मी म्हटलं, अरे, हे आईने केलंय, जायच्या आधी फ्रीझर भरून ठेवलाय तुमच्यासाठी. सर्वेशने दोनदा भात मागून घेतला. दिशाने आई कधी येणार म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून गेलं की फ्रीझर रिकामा झाला की येईल.

तुमच्या चिठ्ठ्या तेव्हापासून मी काढते. अक्षर आईचं नाही हे दिशा लगेच ओळखेल. मुलं शाळेत असताना नवे डबे मागे सरकवून ठेवते. पोरीला वाटत होतं, आपण एवढं खातो तरी हा संपत का नाही. म्हणून दोन आठवडे ती टाकतेय. आणि सर्वेशने परवा उसळ पानात टाकली तर तिने त्याला थोबाडीत मारली. तो का मारलंस म्हणून रडला, तर तिने सांगितलं की तुझ्यामुळेच आई येत नाही. हे मला त्याने सांगितलं, तिने नाही.

आणखी एक. मुलांना आई आजारी आहे हे माहीतच नाही. आई बाबांबरोबर बोटीवर गेलीय, असं सांगितलंय. सुजयभाऊजी बोटीवरच नोकरीला, त्यामुळे मुलांना खरं वाटलं. तिथे रेंज नसते म्हणून व्हिडिओवर दिसत नाही. खरं कारण तिचे गेलेले केस, ते तुम्हाला ठाऊक आहे. सर्वेश बालवाडीत सगळ्यांना सांगतो की आई बोट चालवते.

हे मी मनाने केलं नाही. बोटीचं तर जायच्या आधीच ऋतिकाने ठरवलं होतं. डब्यांचं मी तिला त्याच दिवशी फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली की वहिनी, असंच चालू द्या, आत्याला कळू देऊ नका. मी धाकट्या जावेचा शब्द ठेवला. तुमचा अपराध झाला, हे मान्य आहे. पण जेवली हो पोरं, आत्या.

सात डबे धुऊन पाठवले आहेत. राग असला तरी पिशवी थांबवू नका, ही हात जोडून विनंती.

आपली,
मनिषा


रत्नागिरी,
शनिवार, १८ जानेवारी

चि. सौ. ऋतिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तोंडात फोड आल्यामुळे तुला बोलवत नाही असं सुजय म्हणाला, म्हणून लिहिते. ताप असेल तर आज वाचू नकोस. सुजय, ताप नसेल तेव्हाच तिच्या हातात दे, आणि तूही वाच, कारण तू तिथे होतास.

रविवार, २० ऑक्टोबर, सकाळी साडेदहा. माझं स्वयंपाकघर. तू, सुजय आणि मी. काय ठरलं होतं? मुलांना साध्या शब्दांत सांगायचं. आईच्या रक्तात दुखणं आहे, औषध लांबलचक आहे, वेळ लागेल. तू माझ्या हातावर हात ठेवून हो म्हणालीस. जाताना देवरूखला उतरून सांगून जातो, असं सुजय म्हणाला. संध्याकाळी सांगितलं असा निरोपही आला. मी तेव्हा देवापुढे साखर ठेवली, इतकं मला तुमचं कौतुक वाटलं.

आता कळतं की तू बोटीवर आहेस.

मला मूर्ख बनवलंत याचं मी बघून घेईन. तीन महिने दर रविवारी फोनवर मी विचारायचे, मुलं जेवतात का, आवडतं का. तू म्हणायचीस, दिशा म्हणते आत्याआजीची पिठी सगळ्यात भारी. दिशा असं कधीही म्हणालेली नाही. ती फोनवर हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती, आणि मला वाटायचं पोर आईच्या काळजीने मिटून गेली आहे. माझ्या नावाच्या चिठ्ठ्या नखाने खरवडून डबे परत यायचे, आणि मी शेजारणीला सांगायचे, मनिषा किती स्वच्छ डबे घासते.

नावासाठी रुसले असं समजू नकोस. थोडी रुसले आहे, नाही म्हणत नाही. पण मनिषाने तुला केळीचं आणि थोबाडीतचं कळवलं आहे का? नसेल तर तिला विचार. आणि मग मला सांग, ज्या मुलीला मी सात वर्षांची असल्यापासून वाढवलं, आई गेल्यावर जिला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तिने सगळ्या जगातून नेमकं मलाच का वगळलं.

दवाखान्यातलं जेवण जात नसेल तर तांदळाची पेज मागून घे, गार करून. भांडण आहे म्हणून उपाशी राहू नकोस.

आत्या


मुंबई,
गुरुवार, २३ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न.

हात थरथरतो, अक्षर माफ कर. तू पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर हे नाही.

वहिनींनी सगळं सांगितलं. दिशाने सर्वेशला मारलं हे ऐकून मी सुजयला खोलीबाहेर पाठवलं. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तुला का वगळलं, ते लिहिते. लिहायचं नव्हतं.

आई गेली तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणत होते, दवाखान्यात आहे. तिसऱ्या दिवशी तू आलीस. मला पाटावर बसवलंस, वरणभात वाढलास, वर तूप घातलंस आणि म्हणालीस की आई वारली, ती आता येणार नाही, हा भात मी केलाय आणि तो तुला जेवायचाय. तू एकही खोटा शब्द बोलली नाहीस. मी सगळा भात खाल्ला, कारण तू समोर बसली होतीस आणि मला तुझी भीती वाटली.

त्यानंतर मला तुरीचं वरण गेलेलं नाही. मला तूरडाळ बाधते असं तुला वाटतं. बाधत नाही. ताटात ती दिसली की तो पाट आठवतो, बाकी काही नाही. तू चांगलीच होतीस, आत्या. तू माझ्यासाठी काय केलंस हे मी कुणालाही सांगू शकते, तुलाच सांगता येत नाही. पण माझ्या मुलांना कुणी तसं समोर बसवून सांगावं, ही कल्पना मला सोसेना. तुला बोटीचं कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी देवरूखला गेली असतीस. हो की नाही?

संक्रांतीपर्यंत घरी येईन असं मला खरंच वाटत होतं. मग खोटं थोडं ठरलं असतं. सोमवारी डॉक्टर म्हणाले की पुन्हा पहिल्यापासून औषध द्यावं लागेल. जूनच्या आधी नाही. जूनमध्येही ते नक्की म्हणत नाहीत.

म्हणून एक मागते. मुलांची परीक्षा होईपर्यंत असंच चालू दे. वहिनी म्हणतात, डबे आप्पांच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवू, म्हणजे दिशाला मोठा फ्रीझर रिकामा होताना दिसेल आणि ती शांत होईल. मग पुढचं पुढे. तेवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
ऋतिका


रत्नागिरी,
सोमवार, २७ जानेवारी

चि. ऋतिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा, शनिवारी मिळालं. आज सकाळी उत्तर लिहायला बसले आणि उठले. दुपारी बसले आणि उठले. आता लिहिते.

तुला तूरडाळ बाधते म्हणून तीस वर्षं माझ्या घरात मुगाची डाळ शिजते आहे. मला स्वतःला ती आवडत नाही. तू लग्न होऊन गेलीस तरी कधी येशील म्हणून सवय मोडली नाही. तू प्रत्येक वेळी ताटावर बसून, आत्या मुगाचं वरण मस्त झालंय म्हणालीस. तेव्हा फ्रीझरची गोष्ट ऑक्टोबरात सुरू झाली असं मी आता समजत नाही.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. लग्न नाही, मूल नाही. माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि घरातल्या मोठमोठ्या बायका तुला दवाखाना दवाखाना सांगत होत्या. तू दर गाडीच्या आवाजाला फाटकाशी धावत होतीस. ते मला बघवेना. मुलाला सांगताना कुशीत घ्यावं, ताट नंतर वाढावं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. खरं बोलावं एवढंच शिकवलं होतं. ते मी वाईट रीतीने बोलले. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे आणि लिहिताना मला सुख होत नाही.

पण ऋतिका, तू त्या दिवशी संध्याकाळी रडलीस. माझ्या मांडीवर, तासभर. तुला तो भातच आठवतो, मांडी आठवत नाही, असू दे. दिशाला रडायचीही सोय नाही. ती कामाला लागली आहे. तुला घरी आणायचं काम नऊ वर्षांच्या पोरीने अंगावर घेतलंय, आणि ते होत नाही म्हणून ती भावाला मारते आहे. आणि आता तुम्ही तिला फ्रीझर खरोखरच रिकामा करून दाखवणार! सगळे डबे संपतील, ती दप्तर टाकून फाटकाशी उभी राहील, आणि तू येणार नाहीस. मग कोणता डबा दाखवणार आहे मनिषा तिला? छोट्या फ्रिजची कल्पना कुणाची ते मी वाचलंच नाही असं धरते. त्या माणसाशी मला पुढेही बोलायचं आहे.

तू मागतेस ते मी करणार नाही. डबे थांबणार नाहीत. आज नम्रताबरोबर आठ गेले. चिठ्ठ्या माझ्या नावाच्या आहेत, झाकणाला गोंदाने चिकटवल्या आहेत आणि मनिषाला कळवलं आहे की एकही निघालेली मला दिसता कामा नये. फक्त या आठवड्यापुरतं, मुलं शाळेतून यायच्या आत डब्यातलं ताटात काढून ठेवायचं, कारण आधी त्यांना तुझ्याकडून कळलं पाहिजे. एवढंच खोटं मी चालवून घेते आहे, तेही शनिवारपर्यंत.

तू दिशाला पत्र लिही. तुझ्या हाताने, थरथरतं असलं तरी चालेल, तिला तुझं अक्षर ओळखू येतं. बोटीवर नाहीस हे लिही. दुखणं काय आहे ते लिही, केस गेले आहेत तेही. डबे संपवल्याने तू लवकर येणार नाहीस आणि उरवल्याने उशीर होणार नाही, हे तर पहिल्या ओळीत लिही. जूनचं वचन देऊ नकोस. माहीत नाही असं लिहिता येतं. मला ते तेव्हा सुचलं नव्हतं, तुला सुचतंय का बघ. तू माझ्यापेक्षा बरं सांगशील, यात मला शंका नाही. म्हणूनच तुला सांगते आहे.

पत्र माझ्या पत्त्यावर पाठव, मी स्वतः घेऊन जाईन आणि ती वाचत असताना बाहेर पडवीत बसेन. शनिवार, १ फेब्रुवारी, दुपारी बारा वाजेपर्यंत ते माझ्या हातात हवं. फोन नको, सुजयचा निरोप नको, लेखी हवं. नाही आलं, तर साडेबाराच्या गाडीने मी देवरूखला जाते आणि दिशाला समोर बसवून सांगते.

मी कशी सांगते, ते तुला माहीत आहे.

आत्या