आधी उत्तरं, मग प्रश्न

९ मे २००५, सोमवार

उत्तरं आली! प्रश्न अजून यायचेत.

एकवीस तारखेला मंत्रीमहोदय लवळ्याला येणार. 'शेतकऱ्यांशी थेट संवाद'. शेती, सारा, कारभार – काय वाट्टेल ते विचारा म्हणे! म्हणून मुंबईहून सहा उत्तरं टाइप होऊन आलीत. प्रत्येक उत्तर वेगळ्या कार्डावर, कोपऱ्यात नंबर. आमच्या तहसील कचेरीतले अव्वल कारकून बंडोपंत. त्यांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "नलिनीबाई, तुमचं अक्षर बरंय. ह्यांना शोभतील असे प्रश्न लिहून टाका."

तिसरं कार्ड वाचलं. "होय, हे खरे आहे. दोन नावांची उलटापालट झाली आहे. दोन्ही नावे एकमेकांच्या जागी घालून पंधरा दिवसांत दुरुस्ती करण्यात येईल." कोणाची नावं? कसली उलटापालट? बंडोपंतांना विचारलं तर म्हणाले, "ते तुम्ही शोधा. सरकारने कबूल केलंय ना, मग कुठेतरी झालेलीच असणार."

१० मे, मंगळवार

सापडली! दोन ग्रामसेवक. ह्या खोऱ्यातला त्या खोऱ्यात, त्या खोऱ्यातला ह्या खोऱ्यात. दोघांनाही घर सोडून लांब पडतंय. तिसऱ्या प्रश्नाची सोय झाली.

११ मे, बुधवार

आज घरी तिसरी नोटीस आली. आत्यांना (सासूबाई म्हटलं की रागावतात) वाचून दाखवली. त्यांनी पुरती ऐकून घेतली आणि चुलीत घातली. मी चिमट्याने बाहेर काढली. कडा जळल्यात.

सातबारे संगणकावर चढवले तेव्हा हे झालं. कोळवणच्या आमच्या वाडीत आत्यांच्या भातशेताला लागून पुण्याच्या इंद्रजित साहेबांचा बंगला. नावं ज्याची त्याच्याच जागेवर, पण जमिनीचा वापर उलटा पडला. आता आत्यांचं खाचर कागदावर 'निवासी, बिनशेती' आणि साहेबांचा बंगला – हिरवळ, झोपाळा, पोहायचा हौद – 'भात, जिरायत'. गेल्या पावसाळ्यात अतिवृष्टीचं अनुदान त्यांना मिळालं. आत्यांना बिनशेती साऱ्याची नोटीस. जूनअखेर भरला नाही तर जमीन सरकारजमा. भरला तर खाचरात बंगला असल्याचं आपणच कबूल केल्यासारखं.

आत्यांचं म्हणणं एकच. "सायबास्नी म्हनावं, जागंवर या आन् बगा. भात दिसतंय का बंगला, ते डोळ्यांनी बगा. लई शिकल्यालं हायेत ना?"

कोणी येत नाही. बंडोपंत म्हणतात, जागेवर गेलं की गोंधळ वाढतो. मी त्याच कचेरीत खुर्ची उबवते, आणि घरचं काम होत नाही. लाज वाटते. खरंच लाज वाटते.

१३ मे, शुक्रवार

प्रश्न विचारणाऱ्याकडे सातबारा हवा, त्यावर पीक हवं. दुसऱ्या प्रश्नाला 'प्रगतशील भात उत्पादक' पाहिजे. संगणकाने नाव काढून दिलं – इंद्रजित!

प्रश्न घेऊन मीच बंगल्यावर गेले. साहेब पोट धरधरून हसले. हसणं ओसरल्यावर विनंती केली – साहेब, चूक झालीय एवढं लिहून द्या, आमच्या सासूबाईंचं शेत वाचेल. कुत्र्याला बिस्कीट भरवत म्हणाले, "मॅडम, शेतकरी असलो तर मला अजून शेती विकत घेता येते. माझ्या बाजूने चूक कुठेय?"

कुत्रं मात्र माझ्याकडे बघत होतं.

१४ मे, शनिवार

'हे अंशतः खरे आहे' – ह्या सहाव्या कार्डाला प्रश्न सुचेना. विलासला विचारलं. नवरा म्हणून काही उपयोग व्हावा! जीप धुता धुता म्हणाला, "कोळवण-पौड रस्ता झालाय का, इचार."

विचारते.

१७ मे, मंगळवार

मंत्र्यांना भेट द्यायला इंद्रायणी तांदूळ हवा. बंडोपंत म्हणाले, "तुमच्या सासूबाईंच्या शेतातला आणा. सुवास काय असतो!"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, ते शेत नाही. बिनशेती आहे."

"कागदावर, हो. तांदूळ कागदावर शिजवायचाय का?" असं म्हणाले! डोळ्याची पापणीही लवली नाही. आणि हा तांदूळ मंत्र्यांच्या हातात देणार कोण? प्रगतशील भात उत्पादक इंद्रजित साहेब.

आत्यांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्या शांतपणे सूप घेऊन बसल्या. "देऊ की. पर पिशवी मी सोता घिऊन येनार."

"आत्या, तिथं सातबारा दाखवावा लागतो."

"तांदूळ दावीन."

२१ मे, शनिवार

पाय दुखताहेत, डोकं दुखतंय, झोप उडालीय. लिहूनच टाकते.

लवळ्याच्या कॉलेजचं सभागृह. एसी इतका, की शेतकऱ्यांनी उपरणी कानाला गुंडाळली. मागच्या रांगा भरायला पोरंपोरी बसवलेली. आत्या तांदळाची पिशवी घेऊन थेट आत! दारावरचा पोलीस म्हणाला, भेटवस्तू ना, मग जाऊ द्या.

मंत्रीमहोदय आले. कार्डांचा गठ्ठा पुढ्यात, चष्मा नाकावर. पहिला प्रश्न बियाण्याचा, पहिलं कार्ड बियाण्याचं. टाळ्या. दुसऱ्याला इंद्रजित साहेब उठले. अंगात नवाकोरा पांढरा सदरा, घडी मोडलेली नाही. भाताबद्दल विचारलं. "आपल्यासारख्या घाम गाळणाऱ्या शेतकऱ्यांमुळेच महाराष्ट्र उभा आहे." एसीत! टाळ्या. मग तांदूळ द्यायला त्यांनी आत्यांपुढे हात केला. आत्यांनी पिशवी दिली आणि दुसऱ्या हाताने माईक काढून घेतला.



"सायेब, मी धोंडाबाई, कोळवनची. माजं शेत कागदावर बंगला झालंय, आन् ह्या सायबाचा बंगला शेत झालाय. तुमी जागंवर येऊन बगा. येता का न्हाई, येवडंच सांगा."

तहसीलदारसाहेब अर्धे उठलेले, तसेच राहिले. मंत्रीमहोदयांनी मान वर केली नाही. पुढचं कार्ड उचललं. तिसरं!

"होय, हे खरे आहे. दोन नावांची उलटापालट झाली आहे. दोन्ही नावे एकमेकांच्या जागी घालून पंधरा दिवसांत दुरुस्ती करण्यात येईल."

टाळ्यांचा कडकडाट! पोरांनी शिट्ट्या मारल्या. आत्यांनी पदराने डोळे पुसले. "कसं वळखलं वो सायबानी?"

त्यानंतर सगळंच एक घर पुढे सरकलं. दोन ग्रामसेवकांची उलटापालट झालीय हे खरं का, असं विचारलं. उत्तर आलं – "सर्वांना घटसर्पाची लस टोचण्यात आली आहे. उरलेल्यांना पावसाळ्यापूर्वी टोचू." टाळ्या. म्हशींना लस कधी? "त्यांच्याकडून कोणतीही सक्तीची वसुली होणार नाही." टाळ्या! सारावसुली खरंच थांबणार का? "हे अंशतः खरे आहे." शेवटी रस्त्याचा प्रश्न. त्याला कार्डच उरलं नव्हतं, म्हणून राष्ट्रगीत लागलं.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. परतताना विलासच्या जीपमध्ये दोघेजण म्हणत होते, मंत्री लई मुद्द्याचं बोलला.

२३ मे, सोमवार

शनिवारी आनंदाच्या भरात मला कळलंच नाही. काल लक्षात आलं. रात्रभर तळमळले आणि सकाळी धावत तहसीलदारसाहेबांकडे गेले. "साहेब, नावं बदलायची नाहीत! नावं बरोबर आहेत. वापर उलटा पडलाय, तो बदलायचाय. ते उत्तर ग्रामसेवकांचं होतं."

"मंत्रीमहोदय काय म्हणाले?"

"नावं."

"जाहीर म्हणाले?"

"हो, पण–"

"मग नावं."

"साहेब, एकदा जागेवर येऊन बघा."

त्यांनी घंटा वाजवून चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा. चहा आला की समजायचं, विषय संपला.

२४ मे, मंगळवार

शनिवारच्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं. दोन्ही ग्रामसेवकांना लस टोचल्याची नोंद आहे.

३ जून, शुक्रवार

मुदतीच्या आत काम! बंडोपंतांनी पेढे वाटले. नवे सातबारे हातात दिले. आमच्या खाचराच्या गटावर मालक इंद्रजित, वापर निवासी. बंगल्याच्या गटावर मालक धोंडाबाई, पीक भात.

"बघा, तुमच्या सासूबाई पुन्हा शेतकरी झाल्या. नोटीस आता इंद्रजित साहेबांना जाईल. दोन्हीकडून न्याय!"

पेढा टेबलावरच ठेवला. आत्या नवीन नवरी म्हणून आल्या तेव्हापासून त्या चिखलात उभ्या आहेत. आता ते खाचर त्यांचं नाहीच? कचेरीच्या फाटकाबाहेर बसून रडले, पदर तोंडात कोंबून.

घरी आले, सगळं सांगितलं. आत्यांनी दोनदा विचारून घेतलं. "म्हंजी कागदावर माजं भात कुटं हाय?"

"बंगल्यात, आत्या."

"सही-शिक्का हाय त्येच्यावर?"

"आहे."

"बरं." उठल्या आणि बैलांना पाणी दाखवायला गेल्या.

७ जून, मंगळवार

मृग लागला. सकाळी आत्यांनी सातबारा रखवालदाराच्या हातात दिला, फाटक उघडायला लावलं आणि बंगल्याच्या हिरवळीत औत घातलं. झोपाळ्यापर्यंत नांगराचे तास गेले.

जेवणाच्या सुट्टीआधीच तहसीलदारसाहेब, बंडोपंत, तलाठी, मोजणीदार – सगळे जागेवर आले.