मडगार्डवरची जागा

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय आधी शेती व आता आराम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय वकिलांकडून लिहवून घेत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान थोडे मंद आहेत, पण दिवसभर घरात बोलायला कोणी नसतं, त्यामुळे अडत नाही.

१. राहतं घर आणि शेत माझ्या एकुलत्या एका मुलाला. बँकेतली शिल्लक सूनबाईला. ती शाळेत शिकवते, घरी येऊन वह्या तपासते. माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. सरळ बोलायलाही तिला वेळ मिळत नाही.

२. शिलाई मशीन नणंदेला. माझ्या शिवणाला तिने जन्मभर नावं ठेवली. आता स्वतः शिवून बघावं.

३. ट्रॅक्टर मुलाला, ह्यांच्या सगळ्या पान्ह्यांसकट. त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे.

आमची जमीन चिकट. ओल असली की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची आणि नांगर पुढे सरकत नसे. मग हे शेतातून ओरडायचे, "अगं ए, ये लवकर, वजन कमी पडतंय!" मी हातातलं काम टाकून मडगार्डवर जाऊन बसायचे. धक्के खात, इंजिनच्या वर आवाज चढवून आम्ही गप्पा मारायचो. मुलाचं शिक्षण, नणंदेचं लग्न, सगळं तिथेच ठरलं. भांडणंही तिथेच, कारण तिथे कोणी ऐकत नसे.

हे गेल्यावर मुलाने मागच्या टायरांत पाणी भरून घेतलं आणि चाकांना लोखंडी वजनं लावली. म्हणाला, "आई, आता हाडं खिळखिळी करून घेऊ नकोस. आराम कर." पोराचं काही चुकलं नाही. तेव्हापासून मी आरामच करते आहे आणि त्या आरामानेच जीव नकोसा झाला आहे.

परवा टायरवाला हवा बघायला आला. त्याला विचारलं, मी बसायचे तेव्हा कितीसा फरक पडत असेल? तो हसायला लागला. "मावशी, एका टायरात तुमच्यासारख्या चार जणींच्या वजनाचं पाणी आहे. तुमच्या एकटीने काय होणार?"

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून रोज हाक मारत होते. टायरवाला गेल्यावर मी मडगार्डला हात लावून पोटभर रडले.

४. म्हणून माझी इच्छा अशी. टायरांतलं पाणी काढू नये, वजनंही राहू द्यावीत. मडगार्डवर पोत्याची घडी टाकावी आणि नांगरताना मुलाने मला एकदा हाक मारावी. माझ्या वजनाची गरज नाही हे मला कळतं. तरी मारावी.

वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हे कलम चालणार नाही."

मी म्हटलं, "गेल्यावर हाक ऐकू येणार आहे का मला? लिहा तुम्ही."

५. टायरवाल्याला काही ठेवलेलं नाही, कारण तो साक्षीदार आहे. शिवाय पाणी त्यानेच भरलं होतं.

साक्षीदार:
१. वकिलांचा कारकून.
२. टायरवाला. सही करून म्हणाला, "मावशी, पोराला आजच सांगू का?" मी म्हटलं, "सांग. पण मी सांगितलंय असं म्हणू नकोस."

सही: मुलाची आई
ठिकाण: स्वयंपाकघर, शेताकडच्या खिडकीपाशी
तारीख: आजची. नांगरणी उद्या सुरू होते. खिडकी उघडी ठेवणार आहे.