जाळीच्या आतली पिल्लं

योगिनी,

चहा थर्मासमध्ये आहे. बाल्कनीचं दार उघडू नकोस, काचेतूनच बघ.

तुझ्या खोकल्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेली, कबुतरं अडवायची जाळी आज बाल्कनीला लावून घेतली. चिमणीची पिल्लं उडेपर्यंत थांबा, असं तू बजावलं होतंस. पण काल रात्रभर तुझा खोकला ऐकवेना. सकाळी एसीच्या पाइपाजवळच्या घरट्यात चिवचिव नव्हती; उडाली असतील, असं मीच ठरवून टाकलं. जाळीवाला ‘हो गया साब’ म्हणून गेला आणि घरट्यातून आवाज सुरू झाला. चिमणी बाहेर, चोचीत अळी घेऊन.

जामबागच्या जुन्या घरी होतो तेव्हा चिमण्या कोण मोजत होतं? इथे कुकटपल्लीत तू इतकी वर्षं शोधलंस, तेव्हा कुठे ही एक जोडी सापडली.

जाळीला कात्रीने भोक पाडलंय. त्यातून आधी कबुतरच आत आलं. त्याला हुसकावलं, पिसं झाडली, पण ते पुन्हा येईल.

मी उभा असलो की चिमणी जवळ येत नाही, म्हणून खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसलोय. ती घरट्यात शिरली तर मला वरून हाक मार. हाक आली नाही तर मी काय ते समजेन.

बाबा