पालकाची सही

सोमवार, ६ जानेवारी

मिळाला बाई एकदाचा स्वतःचा वर्ग! नऊ वर्षं बदली शिक्षिका म्हणून या शाळेतून त्या शाळेत वणवण केली. आता रूम सहा, तिसरी, आणि दारावर चक्क माझं नाव: मिसेस कॉरिन वासेक. नाताळच्या सुट्टीतच आम्ही इथं एल्डर फोर्कला राहायला आलो. गाव केवढंसं, तिसरीचा वर्ग एकच, त्यामुळे माझी टेससुद्धा याच वर्गात. वर्गात मला आई म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं मिसेस वासेक म्हणायचं, असा आमचा करार झालाय. ती ते इतक्या आगाऊपणे म्हणते की मला हसू आवरत नाही. आठ वर्षांची आहे, पण तोरा ऐंशीचा.

माझ्या आधीच्या मिस ब्रांट एकतीस वर्षं या वर्गावर होत्या. डिसेंबरात गुडघ्यांनी दगा दिला म्हणून घरी बसल्या. जाताना टेबलावर जांभळ्या कागदाचा गठ्ठा ठेवून गेल्या: रूम सहाचे नियम, पालकांसाठी आणि मुलांसाठी. मी ठरवलं, काही बदलायचं नाही. आयतं ताट वाढून ठेवलंय, तर कशाला नाक मुरडायचं? कोट आपापल्या नंबरच्या खुंटीला. वाढदिवसाच्या खाऊत शेंगदाणे नकोत. रोज घरी वीस मिनिटं वाचन. बाथरूमला जायचं तर दोन बोटं एकमेकांवर चढवून हात वर करायचा. शाळा सुटताना दारात बाईंचा निरोप घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. मिठी, टाळी की शेकहँड, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. टेसनं आज मिठी निवडली, आणि एवढी आवळली की चष्मा वाकडा झाला.

शेवटचा नियम फोल्डरचा. प्रत्येकाचं निळं फोल्डर रोज घरी जातं, आत महिन्याचा तक्ता, रोजच्या चौकोनात पालकाची सही. त्याखाली मिस ब्रांटनी हातानं लिहून दोनदा अधोरेखित केलंय: एकही चौकोन कोरा ठेवू नका. सही ज्याची, मूल त्याचं. आळशी पालकांना चांगला चिमटा काढलाय.

खुंट्या अठरा. बारा नंबरची रिकामी होती, ती टेसला दिली. तिचा लाल कोट तिथं अडकवला तर अकरा नंबरच्या इन्ग्रिडनं आपला कोट काढून मांडीवर घेतला आणि दिवसभर तसाच ठेवला. ऑफिसातल्या मिसेस क्रम नोंदवहीत टेसचं नाव घालताना म्हणाल्या की तिला एकोणीस नंबर दे. मी म्हटलं, अहो, खुंट्या अठराच आहेत. तर म्हणाल्या, मग एक खिळा ठोक. आता रिकामी खुंटी समोर असताना खिळा कशाला ठोकायचा?

मंगळवार, ७ जानेवारी

तीन दहाला गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीच्या काचेत नंबराचं कार्ड, आमच्या वर्गाचं जांभळं. मिसेस क्रम बाहेर बर्फात उभ्या राहून वॉकीटॉकीवर नंबर पुकारतात, मी वर्गाच्या दारातून ते ते मूल सोडते. घड्याळासारखं चालतं सगळं.

रांगेच्या अगदी शेवटी एक मळकट हिरवी गाडी होती. जांभळं कार्ड, नंबर बारा. पण टेस माझ्याबरोबरच घरी येते, तिचं कार्ड मी काढलेलंच नाही. कुणीतरी जुनं कार्ड लावून पोराची वाट बघत असेल. तो नंबर कुणी पुकारला नाही, सगळ्या गाड्या गेल्यावर तीही गेली.

टेसनं घरी फोल्डर पुढे केलं. मी म्हटलं, अगं, संध्याकाळी आई म्हणून सही करायची आणि सकाळी बाई म्हणून तपासायची, हा काय भातुकलीचा खेळ? ठेव दप्तरात.

गुरुवार, ९ जानेवारी

सकाळी टोपलीतली फोल्डरं तपासली. बारा नंबरच्या तक्त्यात सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही चौकोनांत सही. निळी शाई. सी. वासेक. माझीच सही, शेपटीसकट. आणि मी एकही केलेली नाही.

टेसला बाजूला घेतलं. ती म्हणाली, तिनं केली नाही. मी म्हटलं, मग काय उंदरांनी केली? तिची पाच मिनिटं सुट्टी कापली. ती भिंतीशी उभी राहून रडली. मला वाईट वाटलं, पण खोट्या सहीला माफी दिली तर बाकीची सतरा डोक्यावर बसतील.

शुक्रवार, १० जानेवारी

टेसकडून मुद्दाम माझी सही गिरवून घेतली. तिला जमत नाही. शेपटी तर मुळीच नाही. पोरीला उगाच रडवलं मी, आणि तिची माफीही मागितली.

मग दुसरा संशय आला. माझी सही कुणाला येते? डेलला. घटस्फोटाआधी माझ्या सहीचे चेक हाच फाडायचा. आणि टेस आपल्याकडे यावी म्हणून त्याचा वकील मागे लागलेलाच आहे. फोन केला. तो ओरडला, कॉरिन, मी ओमाहात आहे, साडेतीन तासांवर. तुझ्या फोल्डरवर सह्या करायला रोज विमानानं येऊ का? फोन आपटला. खरं बोलत असेल. पण त्याच्या खऱ्यावर मी एकदा संसार केलाय.

हिरवी गाडी आजही होती.

सोमवार, १३ जानेवारी

शुक्रवारी फोल्डर टेसकडे दिलंच नाही. माझ्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं, किल्ली शनिवार-रविवार माझ्या गळ्यात होती. आज उघडलं. शुक्रवारची सही आहे. आणि सहीशेजारच्या शेऱ्याच्या जागेत लिहिलंय: टेस झोपेत दात खाते. डावी दाढ दुखते तिची. आईनं बघावी.

टेसला तोंड उघडायला लावलं. डावी दाढ किडलीय. मला माहीत नव्हतं.

माझ्या पोरीची दाढ दुखते हे मला माहीत नाही आणि कुणालातरी माहीत आहे. मला भीती वाटते आहे, हे इथं तरी कबूल करते.

बुधवार, १५ जानेवारी

आता मी रोज सही करायला बसते. वर्गात, दिवसाढवळ्या, टेसच्या हातून फोल्डर घेते आणि उघडते. चौकोन आधीच भरलेला असतो.

मिसेस क्रमना मधल्या सुट्टीत गाठलं. कॉफीचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला. म्हणाल्या, पोरी, मी तुला खिळा ठोक म्हटलं होतं ना?

मग सांगितलं. तीन वर्षांपूर्वी बारा नंबरवर डेल्फिन नावाची मुलगी होती. आई मांसाच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करायची. तिला फोल्डर बघायला फुरसत नव्हती, तरी रोज सही यायची. मिस ब्रांटना वाटलं, बाई कष्टाळू, पण नेमाची. एका शुक्रवारी चिठ्ठी आली की आजपासून मूल गाडीनं जाईल. सही फायलीतल्या सहीशी जुळली, गाडीला बारा नंबरचं कार्ड होतं, मूल सोडलं. संध्याकाळी सहाला आई कारखान्याच्या बुटांतच धावत आली, माझी डेल्फिन कुठे आहे म्हणून. चौकशी झाली. शाळेची चूक निघाली नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. फोल्डरवरची एकही सही आपली नाही म्हणून ती आई शपथा घेत राहिली, आणि कुणी तिचं ऐकलं नाही, कारण सह्या तिच्याच होत्या. त्यानंतर मिस ब्रांटनी नियमपत्रकात ती शेवटची ओळ घातली आणि बारा नंबरची खुंटी कुणाला दिली नाही.

मी विचारलं, मुलगी सापडली का? मिसेस क्रम म्हणाल्या, कॉफी गार झाली, आणि उठल्या.

या दोघींनी मिळून मला अडकवलं का? आधी का नाही सांगितलं? मिसेस क्रमच्या टेबलावर निळं पेन असतं. मी आज बघून ठेवलंय.

शुक्रवार, १७ जानेवारी

एकोणीस नंबरचा खिळा ठोकला. टेसचा कोट तिथं लावला. दुपारी तो बारावर होता. कुणी हलवला म्हणून विचारलं, तर इन्ग्रिडनं पुन्हा आपला कोट काढून मांडीवर घेतला.

घरी जेवताना टेसनं दोन बोटं चढवून हात वर केला. मला हसू आलं. म्हटलं, राणी, इथं परवानगी कशाला? ती म्हणाली, मिसेस वासेक, मला बाथरूमला जायचंय.

तोरा नव्हता. खोडी नव्हती. मी म्हटलं, घरी आई म्हणायचं. ती म्हणाली, बरं. पण म्हणाली नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

शनिवार ते सोमवार, तीन दिवस सुट्टी. तीन दिवस मिसेस वासेक. तिच्या आवडीचं चीज-सँडविच केलं तर थँक यू, मिसेस वासेक. केस विंचरू देत नाही. माझी आई विंचरते म्हणाली.

मिस ब्रांटना फोन केला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. कोणता नंबर दिला. पहिल्या दिवशी सही केली होती का. मी नाही म्हटलं. त्या रडायला लागल्या आणि फोन ठेवला.

बुधवार, २२ जानेवारी

टेसच्या फोल्डरमध्ये चिठ्ठी. जांभळी. शुक्रवारपासून टेस गाडीने जाईल, क्र. १२. सी. वासेक.

तशीच ऑफिसात गेले. म्हटलं, ही मी लिहिलेली नाही, रद्द करा. मिसेस क्रमनी नियम सांगितला, रद्द करायलाही पालकाची लेखी चिठ्ठी लागते. तिथंच उभी राहून लिहिली, सही केली. त्यांनी फायलीतलं माझ्या सहीच्या नमुन्याचं कार्ड काढलं. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या.

फोल्डरातल्या चिठ्ठीवरची सही जुळते. माझी जुळत नाही.

पुन्हा केली. पुन्हा. सात वेळा. हात तोच, पेन तेच, शेपटी येत नाही. मिसेस क्रम खाली बघत म्हणाल्या, माझ्या हातात काही नाही गं. मागच्या वेळीही नव्हतं.

मी त्यांच्यासमोर हमसून रडले.

गुरुवार, २३ जानेवारी

पळून जायचं ठरवलं. आईच्या गावी. शाळा सुटल्यावर बॅग भरली, टेसला म्हटलं, चल, गाडीत बस.

बसली नाही. दाराची चौकट धरून किंचाळली, नाही, नाही, मी तुम्हाला ओळखत नाही! ओळख नसलेल्या माणसाच्या गाडीत बसायचं नाही, जोरात ओरडायचं, जवळच्या मोठ्या माणसाकडे पळायचं. मीच शिकवलंय. गेल्या आठवड्यापासून रोज सराव घेतेय वर्गात. सगळ्यांत छान टेस ओरडते.

शेजारचे म्हातारे बाहेर आले. ती त्यांच्या मागे लपली. त्यांनी मला विचारलं, काय झालं, मिसेस वासेक, ही कुणाची मुलगी?

आम्ही आलो त्या दिवसापासून रोज टेसला नावानं हाक मारतात ते —

शेवटी मी बाईंच्या आवाजात म्हटलं, टेस, रांगेत ये. तेव्हा आली.

शुक्रवार, २४ जानेवारी

घरी ठेवणार होते. पण सकाळी कोट घालून दारात उभी. शाळेला उशीर होईल म्हणून रडते. वाटलं, निदान शाळेत चार माणसं आहेत. निदान तिथं ती माझ्याजवळ बसते —

२:४०. वर्गाचं दार आतून लावलंय. मुलांना चित्रं काढायला दिलीत. फोल्डर माझ्या हातात, आजचा चौकोन कोरा. पहिल्यांदाच कोरा आहे. पेन टेकवलं की शाई येत नाही. इथं या वहीत येते. तिथं नाही.

३:०५. हिरवी गाडी आली. आज शेवटी नाही. सगळ्यांच्या पुढे. काच धुकटलेली. आत कुणीतरी — माझ्यासारखा चष्मा —

३:१०. पुकारलं. बारा.

मिसेस क्रमना सगळं माहीत आहे. पण पुकारलं.

टेस उठली. लाल कोट घातला, बटणं नीट लावली. माझ्या टेबलाशी आली. मी दोन्ही हात पसरले. तिनं मान हलवली, आणि उजवा हात पुढे केला. शेकहँड.

निरोप घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही. नियम आहे. मी हात दिला नाही तर ती जाऊ शकत नाही. म्हणून लिहितेय. हात रिकामा नाही माझा, बघ टेस, मी लिहितेय, थांब —

पुन्हा बारा.

हात पुढेच आहे. शहाणी पोर. दमली तरी खाली घेत नाही. म्हणते, प्लीज, पेन खाली ठेवा, मिसेस वासेक, माझी आई थांबलीय.

दाढ दाखवायची राहिली हिची. सोमवारची वेळ घेतलीय. गाडीतल्या बाईला कुणीतरी सांगा —

नाही. इथं शाई येते. इथंच करते. टेस माझी आहे. टेस वासेक, वय आठ, माझी मुलगी आहे. पालकाची सही:

सी. वा